कान-नाक-घसा आणि नटसम्राट

मराठी नाटकाला डॉक्टरांची मोठी हौस. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर, मोहन आगाशे मनाचे, जब्बार पटेल लहान मुलांचे. सगळ्यांना एका आवारात बसवलं असतं तर तालुक्याचं रुग्णालय सहज चाललं असतं. केसपेपर काढायला प्रेक्षकांची रांग तयारच होती. पण नाट्यगृहाच्या आवारात कुणी नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं, पुढे नाव नाही की आडनाव नाही, तर ते बहुधा एकाच माणसाबद्दल असायचं. कान-नाक-घशाचे सर्जन डॉ. श्रीराम लागू. दवाखाना सोडून पन्नास वर्षं झाली तरी ‘डॉक्टर’ काही सुटलं नाही.

तर आज डॉक्टरांचीच केस काढून बसू. नोंदी क्रमाने नाहीत, आणि काही नोंदी जरा लांबल्या आहेत. त्याला इलाज नाही.

आधी पेशंट, मग प्रेक्षक

जन्म १६ नोव्हेंबर १९२७, साताऱ्याचा. वडीलही डॉक्टर. पुण्यात भावे हायस्कूल, मग फर्ग्युसन, मग बी. जे. मेडिकल. इथवर चांगल्या घरातल्या हुशार मुलाची नेहमीची वाटचाल. घोटाळा झाला तो नाटकाचा. भालबा केळकर आणि मित्रमंडळींबरोबर ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’मध्ये, म्हणजे पुणेकरांच्या भाषेत पीडीएत, त्यांची नाटकं सुरू झाली. वसंत कानेटकरांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ पीडीएने १९५७ साली केलं आणि त्यात मुख्य भूमिकेत लागू होते. कानेटकरांचं नाटककार म्हणून नाव झालं ते याच नाटकाने. म्हणजे पुढे व्यावसायिक रंगभूमी गाजवणारे दोघे जण एका हौशी संस्थेच्या तालमीत एकमेकांना सापडले.

या पीडीएची आणखी एक गंमत. तिनेच १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणलं, वाद पेटला, आणि थोड्याच प्रयोगांत तिनेच ते थांबवलं. मग ‘घाशीराम’ची पोरं बाहेर पडली आणि ‘थिएटर अकॅडमी’ उभी राहिली. पुण्यातल्या नाट्यसंस्थांची वंशावळ काढायला बसलात तर पीडीएचं नाव टाळून पुढे जाता येत नाही.

टबोरा कुठे आहे, सांगा पाहू

कान-नाक-घशाच्या पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड झालं. पुण्यात दवाखाना झाला. आणि १९६०च्या दशकात डॉक्टर पोहोचले थेट आफ्रिकेत, टांझानियातल्या टबोरा गावी. नकाशात बघाल तर देशाच्या पश्चिम अंगाला, समुद्रापासून खूप आत. एके काळी हस्तिदंताच्या आणि गुलामांच्या तांड्यांचा हा मोठा थांबा. लिव्हिंगस्टन आणि स्टॅन्ली हे दोन नामांकित प्रवासी १८७२ साली याच गावाजवळ मुक्कामाला होते. तिथे पुण्याचा एक सर्जन घसे तपासतो आहे आणि त्याच्या डोक्यात नाटक आहे. हा प्रसंग एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर ओढूनताणून आणलाय म्हणून आपणच नावं ठेवली असती.

पगार, मान, परदेश सगळं होतं. आईवडिलांनी गावभर कौतुकाने सांगावं असंच सगळं.

बेचाळिशीत पहिली नोकरी सोडली

१९६९ साली डॉक्टरांनी डॉक्टरकी बाजूला ठेवली आणि पूर्णवेळ नट झाले. सुरुवात केली कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’ने. वय बेचाळिशीला टेकलेलं. त्या वयात लोक घराचं कर्ज काढतात, मुलांच्या शाळेची चौकशी करतात. व्यावसायिक नाटकात नवा नट म्हणून कुणी नाव नोंदवत नाही. त्यातून त्या काळी नटाला घर भाड्याने देतानाही घरमालक दोनदा विचार करायचा.

एक गोष्ट मात्र या उशिराने साधली. त्यांना तरुण प्रेमिक म्हणून बागेत उभं राहावं लागलं नाही. ते आले तेच मुळी पोक्त माणूस म्हणून: मास्तर, प्राध्यापक, मंत्री, बाप. ज्या वयात इतर नट ‘आता बापाच्या भूमिका मिळायला लागल्या’ म्हणून कुरकुरतात, त्या वयात यांचं खातं उघडलं.

त्रेचाळीस वर्षांचा म्हातारा

२३ डिसेंबर १९७०. मुंबईचं बिर्ला मातुश्री सभागृह. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग. संस्था गोवा हिंदू असोसिएशन, म्हणजे मुंबईत आलेल्या गोवेकरांनी १९१९ साली काढलेली. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, ज्यांनी तीनच वर्षांपूर्वी ‘कट्यार काळजात घुसली’ दिलं होतं. कावेरीच्या भूमिकेत शांता जोग, आणि गणपतराव बेलवलकर म्हणून डॉ. लागू.

आता हिशेब करा. बेलवलकर हा आयुष्यभर शेक्सपिअर गाजवून निवृत्त झालेला नट. स्वतःजवळचं सगळं मुलांना वाटून टाकलेला, मग त्याच मुलांच्या घरी नकोसा झालेला. लागू तेव्हा नुकतेच त्रेचाळीस पूर्ण झालेले. व्यावसायिक रंगभूमीवर जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष. म्हणजे ज्याची कारकीर्द आत्ता सुरू झाली तो माणूस कारकीर्द संपलेल्या नटाचं दुःख सांगत होता, आणि सभागृहातल्या कुणालाही त्यात काही खोटं वाटलं नाही.

मूळ कल्पना ‘किंग लिअर’ची. नानासाहेब फाटक या बुजुर्ग नटाने शिरवाडकरांपाशी लिअरचा हट्ट धरला होता. शिरवाडकरांनी आधी ‘राजमुकुट’च्या रूपाने मॅक्बेथ मराठीत आणला होता, ऑथेल्लोही आणला होता, त्यामुळे लिअरही येणार असंच वाटावं. पण लिअरचा मुकुट उतरला, राज्याऐवजी नटाच्या कमाईची वाटणी झाली, आणि राजाच्या जागी नाटकाची झूल पांघरलेला एक मराठी म्हातारा आला, जो बायकोला लाडाने ‘सरकार’ म्हणतो. भाषांतर राहिलं बाजूला, नवंच नाटक झालं. याला म्हणतात मागितलं एक, मिळालं दुसरं, आणि दुसरंच बरं निघालं.

पुढे १९७४ साली दोन बातम्या आल्या: शिरवाडकरांना ‘नटसम्राट’साठी साहित्य अकादमी पुरस्कार आणि डॉक्टरांना पद्मश्री.

दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा तगड्या नटांनी नंतर बेलवलकर केला. प्रत्येकाचे भक्त वेगळे. पुण्या-मुंबईच्या कट्ट्यांवर ‘कुणाचा नटसम्राट खरा’ यावर चहाचे कप थंड झाले आहेत. २०१६ साली महेश मांजरेकरांच्या सिनेमात नाना पाटेकरांनी तो केला आणि एक अख्खी नवी पिढी बेलवलकरला नानांच्या आवाजात ओळखू लागली. तरी स्नेहसंमेलनात, एकपात्री स्पर्धेत जो मुलगा खांद्यावर शाल टाकून, आवाज खोल नेऊन स्वगत सुरू करतो, तो नकळत डॉक्टरांचीच नक्कल करत असतो. परीक्षकांनी ती इतक्यांदा ऐकलेली असते की त्यांचा स्पर्धकापेक्षा शालीवरच राग असतो.

त्याच वर्षी उलटी बाजू

‘नटसम्राट’ डिसेंबरात आलं. त्याच १९७० साली, काही महिने आधी, डॉक्टरांनी विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ दिग्दर्शित केलं होतं. दोन नाटकं शेजारी ठेवा. एकात मुलांनी बापाला घराबाहेर पडायची वेळ आणली म्हणून प्रेक्षक डोळे पुसतात. दुसऱ्यात मुलं बापाकडून पैसा अक्षरशः ओरबाडतात, आणि बापही असा की त्याची कीव यायला जागाच नाही. विषय तोच: बाप, मुलं, वाटणी. पहिल्या नाटकाला सहकुटुंब जायचं, दुसऱ्याला जाताना कुटुंबाला सांगायचं नाही.

एकाच वर्षात ही दोन्ही टोकं एका माणसाने हाताळली, आणि मला वाटतं डॉक्टरांच्या ‘नटसम्राट’ला जो कणा आहे तो इथून आलाय. ज्याने ‘गिधाडे’ बसवलं आहे, तो ‘नटसम्राट’मध्ये नुसता रडवेला होऊ शकत नाही.

निळ्या डागाची गोष्ट

‘गिधाडे’ची सर्वांत चविष्ट कहाणी सेन्सॉरची. तेव्हा नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागे. या मंडळाला नाटकातल्या शिव्या खुपल्या, मारहाण खुपली, आणि विशेष खुपला तो गर्भपाताच्या प्रसंगानंतर साडीवर दिसणारा लाल डाग. डाग काढा, असं फर्मान.

डाग काढला नाही. निळा केला. आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं गेलं की मंडळाच्या आज्ञेवरून लाल रंग बदलून निळा केला आहे, तेव्हा कृपया तो लालच समजावा.

आता बघा, लाल डाग काही क्षणांपुरता दिसून गेला असता. कुणाच्या लक्षात आला असता, कुणाच्या नसता. निळ्या डागाची प्रेक्षक वाट बघत बसले. मंडळाचा आदेश शब्दशः पाळून त्याचे तीनतेरा कसे वाजवावेत याचा इतका सभ्य नमुना दुसरा नाही.

दोन मास्तर, एक फास

पडद्यावर डॉक्टर घरोघरी पोहोचले ते व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ने, १९७२ साली. शांतारामबापूंनी तेव्हा सत्तरी गाठलेली. संध्या चंद्रकला, निळू फुले साथीला, राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी. लावण्या इतक्या गाजल्या की गोष्ट किती विचित्र आहे हे लोक विसरून जातात. म्हणून पुन्हा सांगतो.

गावाला वळण लावणारा आदर्श मास्तर. गावात आलेला तमाशाचा फड हाकलायला जातो आणि स्वतःच त्यात अडकतो. मग घटना अशा घडतात की एका मृतदेहावर मास्तराचे कपडे चढतात आणि गाव समजतं, मास्तर गेले. गाव रडतं, पुतळा उभारतं. इकडे खरा मास्तर तमाशाच्या फडाबरोबर पडेल ते काम करत गावोगाव हिंडतोय. शेवटी त्याला पकडतात. गुन्हा काय? मास्तरांचा खून. स्वतःच्याच खुनासाठी फाशी जाणारा नायक जगाच्या सिनेमात शोधायला गेलात तर हाताची बोटंही जास्त होतील. बीज जर्मन ‘द ब्लू एंजल’चं, तेही १९३० सालचं, पण त्यातल्या प्राध्यापकाच्या नशिबी पुतळा नव्हता. पुतळा ही अस्सल मराठी भर. आपल्याकडे चारित्र्याचं माप चौथऱ्यावरच घेतात.

दुसरा मास्तर दोन-तीन वर्षांत आला. ‘सामना’. या वेळी मास्तर आधीच घसरलेला: दारुडा, कळकट, कुठून आला माहीत नाही. सहकारसम्राट हिंदुराव धोंडे-पाटील त्याला गंमत म्हणून वाड्यावर ठेवून घेतो. आणि हा दारुडा एकच प्रश्न धरून बसतो: मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं? ‘पिंजरा’तला मास्तर वरून खाली येतो, ‘सामना’तला तळापासून वर चढतो. मला विचाराल तर दुसरा जास्त अवघड आणि जास्त चांगला. दारू प्यायलेल्या माणसाची नक्कल कुणीही करतो. दारू प्यायलेल्या माणसाचा हळूहळू जागा होणारा विवेक दाखवायला डॉक्टरच लागतात.

मारुती कांबळेचा प्रश्न तर सिनेमातून निघून थेट राजकारणात गेला. अजूनही एखादं प्रकरण दाबलं गेलं की कुणीतरी मारुती कांबळेची आठवण काढतोच.

‘सामना’च्या सेटवर ओपीडी

‘सामना’ची मंडळी कोण होती, जरा बघा. दिग्दर्शक जब्बार पटेल: पहिलाच सिनेमा, व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ, दवाखाना दौंडला. निर्माते रामदास फुटाणे: चित्रकलेचे शिक्षक, पुढे वात्रटिकांचे कवी. दारुडा मास्तर: कान-नाक-घशाचा सर्जन. आणि साखर कारखान्याचा मालक, गावाचा अनभिषिक्त राजा हिंदुराव? निळू फुले, जे एके काळी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते.

सर्जन झाला भिकार दारुडा आणि माळी झाला साखरसम्राट. वाटणी उलटी केली असती तर सिनेमा पडला असता, असं नाही म्हणत. पण ही जादू झाली नसती. दोघांच्या समोरासमोरच्या प्रसंगात कोण कुणाला खातो हे आजही ठरत नाही. तेंडुलकरांची पटकथा, आणि सिनेमा गेला १९७५च्या बर्लिन महोत्सवात, तोही स्पर्धेत. पहिल्या सिनेमाला यापेक्षा मोठं काय हवं?

हीच चौकडी, म्हणजे जब्बार, तेंडुलकर, लागू आणि निळूभाऊ, १९७९ साली अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरच्या ‘सिंहासन’मध्ये पुन्हा जमली. डॉक्टर तिथे विश्वासराव दाभाडे, मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री. निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. मंत्रालयातल्या काही माणसांनी म्हणे तो सिनेमा करमणूक म्हणून पाहिलाच नाही. पण हे आपलं ऐकीव, कुणी शपथेवर सांगितलेलं नाही.

मरायचं ठरलेलं, पण बरे झाले

हिंदीत डॉक्टरांनी ढिगाने सिनेमे केले. मराठी-हिंदी धरून शंभरावर आकडा जातो. खरं सांगायचं तर हिंदीने त्यांचा बराच वेळ फुकट घालवला: कधी नायिकेचा बाप, कधी न्यायाधीश, कधी फोन उचलून ‘क्या!’ म्हणणारा बडा माणूस. ‘मुकद्दर का सिकंदर’मध्ये राखीचे वडील, ‘लावारिस’मध्ये अमिताभला वाढवणारा दारुडा. (हो, पुन्हा दारुडा. ‘सामना’ने दिलेला अनुभव वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून असेल.)

पण दोन हिंदी भूमिका बाजूला काढून ठेवाव्यात अशा.

एक ‘घरोंदा’, १९७७. मुंबईत घर मिळत नाही म्हणून लग्न अडलेलं जोडपं: अमोल पालेकर आणि झरीना वहाब. बिल्डर बुडवतो. मग पालेकरच्या डोक्यात भन्नाट कल्पना येते: तुझा साहेब विधुर आहे, हृदयाचा पेशंट आहे, तुझ्यावर त्याचा जीव आहे, तू त्याच्याशी लग्न कर, तो काही फार दिवस काढत नाही, मग घरही आपलं आणि पैसाही. साहेब म्हणजे डॉ. लागू. लग्न होतं. आणि नव्या संसाराच्या आनंदाने साहेबांची तब्येत सुधारायला लागते! मुंबईतल्या जागेच्या भावावर इतका काळा विनोद कुणी केला नसेल. डॉक्टरांनी त्या मोदीसाहेबांना ना खलनायक केलं ना बिचारा केलं. सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर त्यांना याच भूमिकेचं.

दुसरी ‘इन्कार’, तीही १९७७चीच. अपहरणकर्ते मालकाचा मुलगा समजून नोकराचा मुलगा पळवतात. आता खंडणी मालकाने द्यावी की नाही? ही गोष्ट अकिरा कुरोसावाच्या ‘हाय अँड लो’ची. चपलांच्या धंद्यातून मोठा झालेला तो मालक जपानीत तोशिरो मिफुनेने केला होता, हिंदीत आपल्या डॉक्टरांनी. मिफुनेच्या खुर्चीत बसलेला हा बहुधा एकमेव सातारकर. आणि सिनेमातलं लोकांना काय आठवतं? हेलनचं ‘मुंगळा’. चालायचंच.

फर्ग्युसनचे दोन गणिताचे मास्तर

ही नोंद पुणेकरांसाठी. फर्ग्युसन कॉलेजात गोपाळ कृष्ण गोखले शिकवत आणि धोंडो केशव कर्वेही शिकवत; दोघांनीही गणित शिकवलं. फर्ग्युसनचे विद्यार्थी लागू यांनी दोघांनाही उभं केलं. गोखले उघडपणे: रिचर्ड अॅटनबरोंच्या १९८२च्या ‘गांधी’मध्ये. भूमिका छोटी, पण दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या गांधींना आधी देश बघून या असं सांगणारा माणूस हलका वाटून चालत नाही. कर्वे जरा पडद्याआडून: कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’त नानासाहेब भानू नावाने, शांता जोगांच्या बयोबरोबर. नाटकाचा खरा डाव असा की महापुरुषाच्या घरात राहणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं, ते बयोच्या तोंडून कळतं. त्यामुळे ‘हिमालय’ करणाऱ्या नटाला मागे सरकून ‘सावली’ला जागा द्यावी लागते. डॉक्टर तेवढे सुज्ञ होते.

आणि प्राध्यापकांची यादी इथे संपत नाही. गो. पु. देशपांडे, जे स्वतः दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनविषयक अभ्यास शिकवत, त्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’त डॉक्टर चौकशी समितीपुढे बसलेले डावे प्राध्यापक. मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये पावसाच्या संध्याकाळी घराबाहेर पडून परत न येणारे प्राध्यापक, या सिनेमात नायक बहुतेक वेळ गैरहजर असतो आणि बायको-मुलं त्याच्या आठवणींची जुळवाजुळव करत बसतात. शबाना आझमी मुलगी, उत्तरा बावकर बायको. हजेरीपटावर नाव नसूनही वर्ग भरलेला ठेवायचा, हे काम कसलेल्या मास्तरालाच जमतं.

देवाला पेन्शन

डॉक्टर पक्के नास्तिक. आणि नास्तिकपणा खाजगीत ठेवणारे नव्हेत. देव ही कल्पना एके काळी माणसाच्या उपयोगी पडली असेल, आता तिला सन्मानाने निवृत्त करावं, असं त्यांनी लिहिलं, आणि महाराष्ट्रात ठिणग्या उडाल्या. गंमत पुढेच आहे. नरेंद्र दाभोलकरांबरोबर ते गावोगाव व्यासपीठावर बसत. डॉक्टर म्हणत, देव नाहीच. दाभोलकर म्हणत, आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाला विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे. एकाच मंचावर, एकाच बाजूचे दोन डॉक्टर (दाभोलकरही वैद्यकीय पदवीधर) एकमेकांशी मतभेद मांडत, आणि श्रोते प्रश्नांच्या चिठ्ठ्या पाठवत. हल्ली एकाच पक्षाचे दोन लोक एका मंचावर खरं बोलताना दिसले तर कळवा.

सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा करायचं ठरलं तेव्हा डॉक्टर आणि निळूभाऊ पुढे होते. पैसे जमवायला नाटक कुठलं घेतलं? अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’! फाशी, विवेक, चौकशी समिती हे सगळं घरी ठेवून सरळ धमाल फार्स. लोकांच्या खिशात हात घालायचा तर आधी त्यांना हसवावं लागतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

विषाचा पेला, एकाहत्तराव्या वर्षी

बहुतेक नट या वयात सत्कार स्वीकारतात. डॉक्टरांनी १९९९ साली मकरंद साठे यांचं ‘सूर्य पाहिलेला माणूस’ घेतलं, अतुल पेठे दिग्दर्शक, आणि भूमिका सॉक्रेटिसची. पानंच्या पानं संवाद, सगळे युक्तिवादाचे, एक वाक्य चुकलं तर पुढचं तर्कशास्त्र कोसळणार. सॉक्रेटिस सत्तरीच्या आसपास विष प्यायला होता. डॉक्टर एकाहत्तर पार केलेले. बेलवलकरच्या वेळी वय चढवावं लागलं होतं, या वेळी रंगभूषाकाराचं काम वाचलं.

आणि नास्तिक नटाला मिळालेली ही बहुधा सर्वांत नेमकी भूमिका. सॉक्रेटिसवरच्या आरोपपत्रात एक आरोप असा होता की हा नगराचे देव मानत नाही.

पटापट

घशाच्या सर्जनने शेवटी घशावरच पुस्तक लिहिलं: ‘वाचिक अभिनय’. नट होऊ पाहणाऱ्या पोरांनी आरशापुढे उभं राहण्याआधी हे वाचावं.

आत्मचरित्राचं नाव ‘लमाण’. सम्राट म्हणून जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाने स्वतःच्या पुस्तकावर माल वाहणाऱ्याचं नाव घातलं.

पत्नी दीपा लागू याही नाटकातल्याच. मुलगा तन्वीर अकाली गेला. त्याच्या नावाने ‘रूपवेध प्रतिष्ठान’तर्फे २००४ पासून ज्येष्ठ रंगकर्मींना ‘तन्वीर सन्मान’ दिला जातो.

२०१० साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. ती निवडक लोकांनाच मिळते, आणि बऱ्याचदा इतक्या उशिरा की सत्काराचा हार उचलून धरायला दुसरं कुणीतरी लागतं.

काशिनाथ घाणेकरांवरचा ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा सिनेमा २०१८ साली आला. घाणेकर झाले सुबोध भावे, आणि लागू झाले सुमीत राघवन. म्हणजे डॉक्टर हयात असतानाच पडद्यावरचं पात्र झाले, तेही दुसऱ्या डॉक्टरच्या सिनेमात. टाळ्या-शिट्ट्यांचा राजा दातवाला आणि गंभीर अभिनयाचा मानकरी घशावाला, असं ते द्वंद्व. तिथे प्रेक्षकांनी दोघांनाही शिट्ट्या दिल्या.

१७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात डॉक्टर गेले, वय ९२.

आणि ज्यांना सिनेमाच्या प्रश्नमंजूषेत भाव खायचा आहे त्यांच्यासाठी: १९८० साली डॉक्टरांनी ‘झाकोळ’ नावाचा मराठी सिनेमा दिग्दर्शित केला. तनुजा होत्या त्यात, आणि एक लहानशी मुलगीही होती. पंधरा वर्षांनी ती ‘रंगीला’ म्हणून देशभर गाजली. उर्मिला मातोंडकर. पुढच्या वेळी कुणी ‘उर्मिलाला सिनेमात कुणी आणलं’ असं विचारलं आणि समोरच्याने रामगोपाल वर्मा म्हटलं, तर पैज आधी लावा, उत्तर नंतर सांगा.